आट्यांचा जमाना गेलेला नाही

‘फिल्टर फिरवून बसवायचे दिवस गेले, आता मॅग्नेटिकच घ्या.’ कॅमेऱ्याच्या दुकानात, फोटोग्राफरांच्या कार्यशाळेत, लग्नाचा हंगाम तोंडावर आला की होणाऱ्या खरेदीच्या गप्पांत हा सल्ला आता इतक्या सहज दिला जातो की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. वस्तू नवी आहे, हाताळायला मजा येते, लेन्सच्या तोंडाशी नेली की टक्कन बसते. पण ‘ही सोय चांगली आहे’ हे एक विधान झाले आणि ‘जुनी पद्धत कालबाह्य झाली’ हे दुसरे. पहिल्याला माझा विरोध नाही. दुसरे मात्र साफ चूक आहे, आणि वाळूजसारख्या कारखानदारीच्या ठिकाणी ज्यांचा कॅमेरा पोटासाठी चालतो त्यांना ते महागात पडणारे आहे. पहिली गोष्ट म्हणजे मॅग्नेटिक फिल्टर कुठल्याच लेन्सवर आपला आपण बसत नाही. लेन्सच्या पुढच्या कडेला आतून आटे असतात, त्या आट्यांत एक पातळ रिंग फिरवून बसवायची आणि त्या रिंगेवर चुंबकाच्या जोरावर फिल्टर धरायचा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे ज्या आट्यांना निवृत्त करायला ही मंडळी निघाली आहेत, त्याच आट्यांवर त्यांचा सगळा डोलारा उभा आहे.

मॅग्नेटिक फिल्टरला विरोध करणाऱ्यांनीही काही भलतेच मुद्दे पसरवून ठेवले आहेत, ते आधी बाजूला काढलेले बरे. चुंबकामुळे कॅमेऱ्याचा सेन्सर बिघडतो, मेमरी कार्डावरचे फोटो पुसले जातात, ही भीती निराधार आहे. ती कॅसेटच्या काळातून आली आहे. लग्नाचे शूटिंग टेपवर होत असे तेव्हा चुंबक जवळ आणू नका हे सांगणे बरोबर होते, कारण टेपवरची नोंदच चुंबकीय असते. आजच्या कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते, तिला फिल्टरच्या चुंबकाशी देणेघेणे नाही. सेन्सरचेही तसेच. उलट सेन्सर हलवून हात थरथरण्याची भरपाई करणाऱ्या यंत्रणेत आणि अनेक लेन्सच्या फोकस मोटरीत चुंबक मुळातच असतात. उन्हाने चुंबक मरतो, हेही फारसे खरे नाही. या रिंगांत वापरला जाणारा निओडिमियमचा चुंबक 1980च्या दशकात जपानमध्ये सुमितोमो आणि अमेरिकेत जनरल मोटर्स यांनी जवळजवळ एकाच वेळी विकसित केला. त्याच्या साध्या प्रती सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतात. मराठवाड्यातला मे महिना कितीही तापला तरी खांद्यावरच्या कॅमेऱ्याला तिथवर नेत नाही. आक्षेप घ्यायचाच तर एक खरा आहे: शरीरात पेसमेकर असलेल्या माणसाने जोरदार चुंबक छातीपासून लांब ठेवावेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये चुंबक असलेले मोबाइल अशा उपकरणांपासून सुमारे 15 सेंटिमीटर दूर ठेवायला सांगितले होते. गळ्यातला कॅमेरा नेमका छातीवर टेकतो, एवढे त्या माणसाने ध्यानात घ्यावे.

आता मॅग्नेटिकच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. धबधब्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून प्रकाश हजारपट कमी करणारा एनडी फिल्टर लावतात. तो इतका काळा असतो की तो लावल्यावर चौकट नीट दिसत नाही आणि फोकस अडखळतो. म्हणून आधी फिल्टरशिवाय चौकट ठरवायची, फोकस पक्का करायचा आणि मग फिल्टर लावायचा. आट्यांचा फिल्टर लावताना लेन्सला पीळ बसतो, फोकसची रिंग किंचित सरकते, ट्रायपॉडवर जमवलेली चौकट हलते. चुंबकाचा फिल्टर हात न पिळता बसतो. हा फायदा निखळ आहे. दुसरा फायदा व्हिडिओवाल्यांचा. स्वच्छ उन्हात आयएसओ 100 आणि एफ 16 ठेवले तर शटर साधारण 1/100 सेकंद येतो, हा जुना हिशेब. पाठ धूसर हवी म्हणून एफ 2.8 केले की तोच शटर 1/3200 वर जातो. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात हालचाल डोळ्याला सुखावण्यासाठी 1/50 लागतो. म्हणजे 64पट प्रकाश अडवायला हवा, सहा स्टॉपचा एनडी हवा. लॉग मोडमध्ये आयएसओ 800च्या खाली जाता येत नसेल तर आणखी तीन स्टॉप. उन्हातून मंडपात आणि मंडपातून परत उन्हात जाताना हे फिल्टर सारखे काढावे-घालावे लागतात. तिथे चुंबक हाताचे श्रम वाचवतो. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी वापरला तर काढाघालीची कटकट वाचते, पण तो दोन पोलरायझर एकावर एक ठेवून बनवलेला असल्यामुळे टोकाला नेला की चित्रावर काळी फुली उमटते आणि रंगही ढळतो. तेव्हा ज्याला रंग सांभाळायचा आहे आणि ज्याचा फिल्टर दर थोड्या वेळाने बदलतो, त्याने चुंबक घ्यावा. माझे भांडण त्याच्याशी नाही.

भांडण आहे ते या दोन कामांवरून सगळ्या फोटोग्राफीचा निकाल लावण्याशी. मॅग्नेटिक फिल्टरच्या जाहिरातींतली दृश्ये पाहा. बर्फाळ किनारा, बोचरा वारा, जाड हातमोज्यातली बोटे आणि त्या बोटांनी अलगद बसवलेला फिल्टर. ज्या मुलखात हातमोजा काढला की बोटे बधिर होतात तिथे हा युक्तिवाद बिनतोड आहे. आपल्याकडे हातमोजे वेल्डिंगवाला घालतो. आपल्या परिसरात पावसाळ्यातल्या लांब एक्स्पोजरची जागा म्हणजे वेरूळच्या 29 क्रमांकाच्या लेण्याजवळ कोसळणारा धबधबा. पण तिथे ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी लागते आणि ट्रायपॉडशिवाय लांब एक्स्पोजर होत नाही. ज्या कामाच्या परवानगीसाठी आधी अर्ज घेऊन हिंडावे लागते, त्या कामात फिल्टर बसवण्याचे दहा सेकंद वाचले याचे कौतुक किती करायचे? अजिंठ्यात तर फ्लॅशला बंदी आणि आत अंधार. तिथे प्रकाश कमी करणारा कुठलाही फिल्टर आट्यांचा असो की चुंबकाचा, पिशवीतच राहिलेला बरा. लग्नाच्या स्थिरचित्रणात दिवसभरात फिल्टर किती वेळा बदलला जातो? बहुतेकांच्या लेन्सवर काच जपण्यासाठी एक पारदर्शक फिल्टर चढवलेला असतो आणि तो लेन्स विकेपर्यंत तिथेच असतो. फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टरला काम होते, कारण फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील होती. डिजिटल सेन्सरपुढे ते किरण अडवणारा थर आधीच असतो. राहिला काय, तर काचेचा पहारेकरी. ज्याची जागा कधीच बदलायची नाही त्याच्यासाठी झटपट बदलण्याची सोय विकत घेणे हा उलटा व्यवहार आहे.

आणि वाळूजचे स्वतःचे काम. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्या मागे सुट्या भागांचे कारखाने, टूलरूम, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, गिअर आणि ब्रेक बनवणारी शेकडो लहानमोठी युनिटे एमआयडीसीत उभी राहिली. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या आज देशभर ओळखल्या जाणाऱ्या कंपन्यांचे पत्तेही वाळूजचेच. या सगळ्यांना फोटो लागतात: कॅटलॉगला, निर्यातीच्या ग्राहकाला पाठवायला, ऑडिटला, सुरक्षिततेच्या फलकांना, वार्षिक अहवालाला. या कामात फिल्टरचा उपयोग काय, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मशीनवरून उतरलेला चकचकीत शाफ्ट घ्या. त्यावर दिव्याची झळाळी येते म्हणून कुणीतरी पोलरायझर लावायला सांगतो. पण पोलरायझरची खरी करामत काच, पाणी, रंग, क्लिअर कोट अशा अधातू पृष्ठभागांवर, तीही ठराविक कोनात दिसते. काचेसाठी हा कोन लंबाशी सुमारे 56 अंशांचा. उघड्या धातूवरून परतलेला प्रकाश त्या प्रमाणात पोलराइज होतच नाही, त्यामुळे लेन्सवर कितीही महागडा पोलरायझर फिरवला तरी शाफ्टची झळाळी तिथेच राहते. मोटरसायकलच्या रंगवलेल्या टाकीवरची चमक जाईल, शेजारच्या क्रोमची जाणार नाही. धातूवर इलाज करायचा तर दिव्यांपुढेही पोलरायझिंग शीट लावावी लागते आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी काटकोनात आणावा लागतो. ही मांडणी एकदा जमली की अख्खी बॅच संपेपर्यंत त्या फिल्टरला कुणी हात लावत नाही. म्हणजे इथेही बदलाबदल नाही.

शॉप फ्लोअरवर मात्र एक फिल्टर अत्यावश्यक आहे, तो म्हणजे तोच पारदर्शक पहारेकरी. सीएनसीच्या दाराशी उभे राहिले की कूलंटची वाफ आणि तेलाचे बारीक तुषार हवेत असतात, ते लेन्सच्या काचेवर बसले की पुसता पुसता कोटिंग जाते. त्यामुळे इथे फिल्टर हवाच, दिवसभर हवा आणि न हलता हवा. नेमक्या याच ठिकाणी चुंबकाचा गुण निरुपयोगी ठरतो आणि त्याचा स्वभाव घातक ठरतो. कारण चुंबकाला फिल्टर आणि लोहकीस यांतला फरक कळत नाही. कास्ट आयर्नचे काम बऱ्याचदा कोरडेच चालते आणि त्यातून निघणारा काळा बुरादा इतका बारीक असतो की कामगाराच्या नाकपुड्यांत आणि नखांत दिसतो. ग्राइंडिंगच्या चिप्स त्याहून वाईट, कारण त्यांत कठीण केलेल्या पोलादाबरोबर ग्राइंडिंग व्हीलचे ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे कण मिसळलेले असतात, आणि कठीणपणात ते काचेला सहज मागे टाकतात. हा माल हवेतून तरंगत येतो आणि सरळ चुंबकाच्या रिंगेवर, म्हणजे काचेच्या कडेला जाऊन बसतो. साधी धूळ ब्लोअरने उडते. चुंबकाला धरून बसलेला कीस उडत नाही, कारण हवेच्या झोतापेक्षा चुंबकाची ओढ जास्त असते. मग मायक्रोफायबरने पुसायला जावे तर कण रिंगेवरून काचेवर ओढला जातो. चिकटपट्टी दाबून एकेक कण उचलणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो दर वेळी, फिल्टर लावण्याआधी करायचा. पोलरायझर असेल तर आणखी पंचाईत. तो फिरवताना दोन सपाट तोंडांमध्ये अडकलेला कण घासत राहतो. आणि काढलेला फिल्टर क्षणभर मशीनच्या बेडवर ठेवला तर तो तिथलाच होतो.

ही गोष्ट वाळूजच्या सरफेस ग्राइंडरवरच्या ऑपरेटरला समजावून सांगावी लागत नाही. त्याचा जॉब मॅग्नेटिक चकवरच धरलेला असतो. चुंबक उभ्या दिशेने जॉब पक्का धरतो, पण व्हील आडवा रेटा देते तेव्हा तो सरकू शकतो, म्हणून पातळ किंवा उंच जॉबला आधी स्टॉपर लावायचा, हे त्याला पहिल्याच महिन्यात शिकवतात. काम झाले की जॉब डिमॅग्नेटायझरवरून फिरवतात, कारण जॉबमध्ये चुंबकत्व उरले तर त्यावर कीस चिकटून राहतो आणि पुढे असेंब्लीत तो बेअरिंग खातो. म्हणजे चुंबक ही पकड जिथे रोजची आहे, त्या धंद्याने तिच्या दोन्ही खोडी ओळखून त्यांच्यावर इलाज बसवले आहेत. फोटोग्राफीच्या दुकानात तीच पकड ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून येते आणि इलाजाचे कुणी नावही काढत नाही. ॲल्युमिनिअमच्या डाय-कास्टिंग शेडमध्ये हा त्रास नाही, हे मान्य. ॲल्युमिनिअम चुंबकाला दाद देत नाही. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्येही नाही. पण फोटोग्राफर एकाच दिवशी या शेडमधून त्या शेडमध्ये जातो, आणि शेड बदलली म्हणून त्याच्या रिंगेवरचा बुरादा गळून पडत नाही.

‘कारखान्यात न जाणाऱ्याचे काय?’ असा प्रश्न येईल. त्याने कारखान्याबाहेर पडून पायाखाली पाहावे. आपण उभे आहोत तो दख्खनचा पठारी प्रदेश बेसॉल्टचा. या काळ्या दगडात लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या वर असते, आणि त्यातला काही भाग टायटॅनोमॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचा असतो. या दगडाने थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्यात कायम करून ठेवली, आणि तीच 1950च्या दशकात मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले की भारत एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि तिथून उत्तरेकडे सरकत आला. इतका पुरावा ज्याच्या कणाकणात आहे तो दगड फुटून, झिजून आपली काळी माती, नदीची वाळू आणि रस्त्यावरची धूळ बनते. बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक काढून ते मातीत फिरवायचा खेळ मराठवाड्यातल्या मुलांना नवा नाही. क्षणात चुंबकाला काळ्या केसांसारखी दाढी फुटते. लेन्सवरची रिंग म्हणजे तोच चुंबक, फक्त महाग. खडीच्या क्रशरजवळ, वाळू उपसलेल्या पात्रात, नांगरलेल्या शेतात वारा सुटला की काय होईल ते मुलांना विचारावे. मॅग्नेटाइटचा कठीणपणा साधारण काचेइतकाच, म्हणजे काचेवरचे पातळ कोटिंग खरवडायला पुरेसा. आट्यांच्या फिल्टरवरही धूळ बसते, हे खरे. पण तिथे ती बसते. इथे ती ओढून आणली जाते.

चुंबकाच्या पकडीबद्दल दुसरी बाजू असे सांगते की आजच्या रिंगांना बाहेरून उभी कड असते, त्यामुळे फिल्टर सरकत नाही, आणि उलटा धरून झटकला तरी पडत नाही. हे दाखवायला दुकानात कॅमेरा हलवूनही दाखवतात. पण फिल्टर झटक्याने निघत नाही, तो धक्क्याने निघतो. आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात जी गर्दी लोटते तिच्यात कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याला कोपर, छत्रीची तार, पताकेची काठी, कुणाच्या डोक्यावरची तुळस असे सगळे आडवे लागते. कडेला तिरका धक्का बसला की एका बाजूने फट पडते, आणि चुंबकाची ओढ फटीबरोबर झपाट्याने घटते. एक बाजू उचलली की दुसरी धरून ठेवू शकत नाही. पायांच्या त्या रेट्यात पडलेला फिल्टर वाकून उचलणे म्हणजे स्वतः पडणे. यावर मॅग्नेटिकवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे: फिल्टर निसटला म्हणूनच लेन्स वाचली, आट्यांचा असता तर धक्का लेन्सला गेला असता आणि आटे वाकले असते. या उत्तरात थोडे तथ्य आहे, पण ते संरक्षक फिल्टरच्या हेतूलाच छेद देते. पहिल्या धक्क्याला निसटलेला फिल्टर दुसऱ्या धक्क्याला लेन्सपुढे नसतो, आणि गर्दीत धक्का एकच बसत नाही. लेन्सला धक्क्यापासून वाचवणारी वस्तू हूड आहे, ती बऱ्याचदा कंपनीने लेन्सबरोबरच दिलेली असते आणि काही जाड मॅग्नेटिक रिंगांवर नेमका तोच मूळचा हूड बसत नाही. खिशात ठेवलेल्या मॅग्नेटिक फिल्टरचे हाल वेगळेच. आपली 1 आणि 2 रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, सेफ्टी पिना चिकटतात, किल्ल्या चिकटतात. डबी वापरा, असे सांगतील. वापरावीच. पण मग डबी उघडण्याचे सेकंदही वाचलेल्या सेकंदांतून वजा करावेत.

माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मालकीचा आहे. फिल्टरचे आटे कुणाच्या मालकीचे नाहीत. लेन्सच्या कडेवर 67, 77 किंवा 82 असा आकडा लिहिलेला असतो, दोन आट्यांमधले अंतर बहुतेक सगळीकडे 0.75 मिलिमीटर असते, आणि एवढ्या दोन आकड्यांवर जपानी लेन्सला जर्मन फिल्टर, जर्मन लेन्सला चिनी फिल्टर बसतो. निकॉनने 1960-70च्या दशकांत आपल्या बहुसंख्य लेन्सना 52 मिलिमीटरचाच व्यास ठेवला होता. तेव्हाचा पिवळा फिल्टर आज कुणाच्या माळ्यावर सापडला तर तो आजच्या 52च्या लेन्सवर तितक्याच आट्यांत बसेल. चुंबकी रिंगांचे तसे नाही. एका कंपनीच्या रिंगेवर दुसऱ्या कंपनीचा फिल्टर बसेलच याची हमी नाही, कारण व्यास, कडेची उंची, चुंबकांची मांडणी ज्याची त्याची. केस, निसि, फ्रीवेल या सगळ्या फिल्टर कंपन्यांची काच उत्तम असू शकते, प्रश्न काचेचा नाहीच. प्रश्न असा की एकदा तीन लेन्सना एका कंपनीच्या रिंगा चढवल्या की पुढचा प्रत्येक फिल्टर त्याच दुकानातून घ्यावा लागतो, आणि कंपनीने रचना बदलली तर जुना संच अनाथ होतो. गो आणि नो-गो गेजने दिवसभर आटे तपासणाऱ्या या गावाला प्रमाणित मापाची किंमत सांगायला नको. बाहेरच्या कुणाही पुरवठादाराचा बोल्ट आपल्या नटात बसतो म्हणूनच इथली निम्मी युनिटे उभी आहेत.

आणि झटपट बसणाऱ्या फिल्टरांचा हा पहिलाच अवतार नव्हे. रोलीफ्लेक्सने बेयोनेट फिल्टर दिले, ते पाव फेरीत बसत. हॅसलब्लाडनेही आपले वेगळे बेयोनेट काढले. आपल्याकडच्या कित्येक स्टुडिओंत वापरलेल्या याशिका-मॅट कॅमेऱ्यालाही रोलीसारखेच पहिल्या मापाचे बेयोनेट होते. 1978 मध्ये फ्रान्सच्या कोकिनने चौकोनी फिल्टर खाचेत सरकवायची पद्धत लोकप्रिय केली. यांतली प्रत्येक पद्धत आट्यांहून वेगवान होती. तरी ज्या दिवशी कॅमेरा बदलला त्या दिवशी बेयोनेटचे फिल्टर कपाटात गेले, आणि कोकिनची चौकट टिकली ती लेन्सच्या आट्यांत बसणाऱ्या रिंगेमुळे. वेगावर आटे आजवर एकदाही जिंकलेले नाहीत. ते टिकले ते सर्वांचे असल्यामुळे.

आट्यांची बाजू घेताना त्यांचे दोष लपवण्याचे कारण नाही. ते अडकतात. फार बारीक आटे, ॲल्युमिनिअमवर ॲल्युमिनिअम, मध्ये धूळ, आणि घाईत तिरका धरलेला फिल्टर: आटे चढतात आणि मग लेन्स हातात, फिल्टर जागच्या जागी. पण हा दोष जुना आहे आणि त्याचे इलाजही जुने आहेत. फिल्टर लेन्सवर सपाट टेकवून आधी उलटा फिरवावा. आट्याचे तोंड आट्यात पडले की बोटांना बारीक टक् जाणवते, तेव्हा सुलटा फिरवावा. कुठल्याही फिटरला ही रीत ठाऊक आहे. शेवटी आवळायचे नाही, टेकला की थांबायचे. पितळी कड्याचा फिल्टर घेतला तर अडकण्याचे प्रमाण बरेच कमी होते, म्हणून जुन्या जर्मन कंपन्या पितळ वापरत आल्या. तरीही अडकलाच तर दोन बोटांनी चिमटीत धरून पिळू नये, त्याने कडे अंडाकृती होते आणि आणखी घट्ट बसते. कडेला रुंद रबर बँड गुंडाळून तळहाताने सगळीकडून सारखा जोर द्यावा. स्वस्तातला प्लॅस्टिकचा फिल्टर रेंचही मिळतो. राहिला वेळेचा प्रश्न, तर तीन-चार आटे फिरवण्याइतकाच तो आहे.

‘वेगवेगळ्या व्यासांच्या लेन्सना एकच फिल्टर संच चालावा म्हणून तरी मॅग्नेटिक घ्या’ हा युक्तिवाद तर थेट दिशाभूल करणारा आहे. ही सोय स्टेप-अप रिंग कितीतरी दशके देत आली आहे. सगळ्यात मोठ्या व्यासाचा, समजा 82चा, एकच चांगला फिल्टर घ्यायचा आणि 67 व 77च्या लेन्सना काहीशे रुपयांची एकेक रिंग. त्या कायम लेन्सवर ठेवल्या तरी बिघडत नाही, फक्त झाकण 82चे घ्यावे लागते आणि मूळ हूड अडतो. मॅग्नेटिक संचातही लेन्सगणिक रिंग घ्यावीच लागते, फक्त ती काहीशे रुपयांत येत नाही. हंगामात एका लग्नाचे पैसे दुसऱ्याच्या आगाऊ रकमेतून फिरवणाऱ्या, बजाजनगर किंवा रांजणगावात एका गाळ्यात स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतो. त्याच पैशांत त्याला एक बरा फ्लॅश ट्रिगर किंवा पोलरायझिंग शीट मिळाली तर कारखान्याचे काम अधिक चांगले होईल.

शेवटचा आक्षेप नव्या मालाच्या नावाने घेतला जातो: तुम्ही जुन्या मॅग्नेटिकबद्दल बोलता, आता सुधारणा झाल्या आहेत. झाल्या आहेत, आणि त्या कुठल्या दिशेने झाल्या ते पाहण्यासारखे आहे. पोलारप्रो या अमेरिकी कंपनीच्या हेलिक्स मॅगलॉक संचात फिल्टर चुंबकाने जागेवर येतो आणि मग किंचित फिरवून कुलूपबंद करायचा असतो. कॅननने आपल्या आरएफ कॅमेऱ्यांसाठी जुन्या ईएफ लेन्सचा असा ॲडॉप्टर काढला की ज्यात फिल्टर लेन्सच्या मागे खाचेत सरकवायचा, पुढच्या धुळीचा आणि व्यासाचा प्रश्नच मिटला. चित्रपटवाल्या कॅमेऱ्यांत एनडी आतच येऊ लागला आहे. फिल्टर ज्यांना खरोखर वारंवार बदलावा लागतो त्यांच्यासाठी उत्पादक चुंबकाला कुलपाची जोड देत आहेत, नाहीतर फिल्टर लेन्सच्या तोंडावरून उठवून आत नेत आहेत. उरलेल्यांना चुंबकाची नुसती पकड विकली जात आहे.